बटण दाबून अंगणात

लाल बटण मी वर ढकललं आणि काहीच झालं नाही. खटका बसल्याचा आवाज तेवढा आला. तोवर मी दारापर्यंत मागे सरलो होतो. धूर, उजेड, आवाज, कशाचीही माझी तयारी होती. काहीच न होण्याची नव्हती. टेबलावर तो राखाडी डबा, त्याच्या डोक्यावर काळी काच, पुढ्यात अक्षरांची फळी, आणि मी चौकटीला धरून, झोपलेल्या कुत्र्याकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत उभा. मग नियमाप्रमाणे बाहेर अंगणात गेलो. नियम असा, की घरात आलेली वस्तू पहिल्यांदा चालू करायची तर एकानेच आत थांबायचं, बाकीच्यांनी मागच्या अंगणात जायचं. बटण दाबलं की दाबणाऱ्यानंही अंगणात यायचं. थोडा वेळ सगळ्यांनी उभं राहायचं, आणि मग कुणीतरी आत जाऊन इस्त्री तापली का, मिक्सर फिरला का ते बघायचं. हा नियम माझ्या मुलाने, विलासने केला होता. आत थांबणारा माणूस मात्र दरवेळी मीच. त्याने मला तसं सांगितलं नव्हतं. तो सूनबाईला आणि मला म्हणायचा, वीणा नको, अण्णा नको, ती वस्तूच नको. मीच एकदा म्हणालो, माझं वय झालंय, मी दाबतो. तेव्हापासून या घरातला बटण दाबणारा माणूस मी.

विलास बाजेवर घराकडे पाठ करून बसला होता. वळला नाही. "झालं?"

"नाही."

"नाही म्हणजे काय झालं?"

"काहीच नाही झालं."

सूनबाई गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "या घरात काही झालं नाही हीसुद्धा बातमीच म्हणायची."

शेजारची हरबन्स कौर मधल्या भिंतीवरून डोकावली. आम्ही तिघं एकदम अंगणात दिसलो की तिला कळायचं. "की होया भाई साब, फेर कुछ चलाण लग्गे हो? मैं वी बाहर आ जावां?" असं म्हणून ती खरोखरच आपल्या अंगणात वेताचा मोडा टाकून बसायची. चेष्टा करते आहे की सोबत, हे मला कधी कळलं नाही. तिच्या मुलाला, शीख तरुण म्हणून, पोलीस प्रत्येक नाक्यावर मोटारसायकलवरून उतरवून भिंतीला तोंड करून उभा करायचे. शेवटी तिने त्याला भावाकडे कॅनडाला धाडला, आणि आता ती आमच्या मिक्सरची वाट बघत बसायची.

उन्हाळा भरात होता. माझे गुडघे अंगणातून खोलीत आणि खोलीतून अंगणात जाऊन-येऊन दुखायला लागले होते. जन्मभर मी साखर कारखान्याचा ट्रक चालवला. कराडच्या बाजूला उसाच्या गाड्या ओढल्या, घाटातून पोती वाहिली, पण तेव्हा दिवसाच्या शेवटी अंग दुखायचं ते कशासाठी दुखतंय हे कळायचं. इथे दिवसभर मी काय करत होतो? सकाळी गिझरचं बटण, मग दिवे, पंखे, मिक्सर, संध्याकाळी परत दिवे. विलास ज्या खोलीत जाईल तिथे त्याच्या आधी मी. त्याला पंखा हवा असला तर तो मागत नसे, घामाघूम बसून राही. म्हणून त्याच्या कपाळाकडे बघत राहणं हेही एक काम. बटण दाबायला ताकद लागत नाही असं मला आधी वाटायचं.

हे सगळं हिवाळ्याच्या तोंडाला सुरू झालं. विलास चंदीगडच्या तीस सेक्टरातल्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवतो. त्याच्याच विभागात बेळगावकडचा गुरुनाथ होता, या परमुलखात मराठी बोलायला त्यांना एकमेकांचाच आधार. दोघं संध्याकाळी स्कूटरवरून बाजारात गेले. विलासची पेरूची पिशवी गाडीवाल्याकडे राहिली म्हणून तो परत फिरला. दुकानासमोरच्या बाकावर एक टेपरेकॉर्डर पडला होता. गुरुनाथला गाण्यांचं वेड. आत कुठली कॅसेट आहे बघावी म्हणून त्याने बटण दाबलं. बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं, सिनेमाच्या आधी पडद्यावर यायचं, पोलीस गाडीतून ओरडत जायचे, आणि हे दोघं शिकलेले. पण ज्याचे हात यंत्रांत वाढलेत त्याचा हात यंत्राकडे जातोच. टेपरेकॉर्डर फुटला आणि गुरुनाथ जागीच गेला. विलासला कुठे खरचटलंसुद्धा नाही. त्याला घरी आणून सोडलं तेव्हा पेरूची पिशवी त्याच्या हातातच होती. वीणा सांगते, ती काढून घ्यायला तिला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. तो जेवत होता, झोपत होता, चार वाक्यं बोलत होता. मग एका संध्याकाळी वीणा बाहेरून आली तर हा अंधारात खुर्चीवर. ती म्हणाली, लाईट गेली का? हा म्हणाला, हो. आणि शेजारीपाजारी लख्ख उजेड. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याच्या ऑफिसात ट्रंक कॉल लावला आणि मला बोलावणं आलं. होळीपर्यंत राहीन म्हणून आलो होतो. होळी गेली, गव्हाची कापणी गेली, विलासची रजा संपत आली. कामावर जायचं तर तिथे पावलोपावली बटणंच. श्रीनिवास साहेब म्हणून त्याचे वरचे आहेत, भला माणूस. घरी येऊन बसले, चहा प्यायले आणि जाताना मला दाराशी म्हणाले, "चाचाजी, छुट्टी और नहीं खींच सकता. एक पुराना कॉम्प्युटर भिजवा देता हूँ. घर बैठे हिसाब का थोड़ा काम कर दे, तो मैं लिख दूँगा कि काम पर है. नहीं तो मेडिकल बोर्ड." बोर्ड म्हणजे काय ते वीणाने मला नंतर समजावलं. नोकरी जाणार, हे क्वार्टर जाणार. गावी परत. गावी परत जाण्याचं मला दुःख नव्हतं, माझं सगळं तिथेच आहे. पण तिथे त्याला नेऊन बसवलं असतं तर तो बाजेवरून परत कधी उठला नसता, एवढं मला दिसत होतं. माणूस एकदा गावच्या पारावर बसला की त्याला उठवायला कुणी येत नाही. म्हणून तो राखाडी डबा सकाळी रिक्षातून उतरला तेव्हा मी त्याला देवासारखा दोन्ही हातांनी धरून आत आणला.

सरकारची वस्तू, म्हणून मी आणखी एक काळजी घेतली. चंदीगडची वीज तशी बरी, पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा-तीनदा जायची आणि येताना धक्का देऊन यायची. फ्रिजच्या मागे एक लोखंडी पेटी असते, स्टॅबिलायझर, विजेचा धक्का ती स्वतः खाते आणि फ्रिजला संथ वीज देते. ती मी काढली आणि कॉम्प्युटरला लावली. फ्रिजची तार भिंतीपर्यंत पुरेना. म्हटलं, तासाभराचं काम, राहू दे तसाच. सूनबाईला बोललो नाही. फ्रिज हा तिचा. गेलेली वीज परत आली, पंखे फिरले, दिवे लागले तरी तिचा फ्रिज गप्पच असायचा आणि बऱ्याच वेळाने गुरगुरायला लागायचा. ती म्हणायची, "आमचा फ्रिज आळशी आहे, माहेरच्यांवर गेलाय, सगळ्यांचं उठून झालं की उठणार."

"आतला पंखा फिरतोय का?" विलासने विचारलं. "डब्याच्या मागे हात धरा. वारं लागतं का बघा."

मी आत गेलो. हात धरला. वारं नव्हतं. खिडकीतून तसं सांगितलं.

"आधी भिंतीचं बटण बंद करा. मग हात लावत जा. प्रत्येक वेळी."

"बरं."

"लाल बटण खाली करा. टेबललॅम्प आणा आणि भिंतीतल्या त्याच सॉकेटला लावून बघा. वीज आहे का नाही ते कळेल."

लॅम्प लावला. लागला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे वायर." कॉम्प्युटरची वायर आणि वरच्या काचेची वायर सारखीच असते म्हणाला, अदलाबदल करा. भिंतीचं बटण बंद. अदलाबदल. भिंतीचं बटण चालू. फ्रिजच्या पेटीवरचा बारका लाल दिवा लागला, म्हणजे वीज आत येत होती. डब्याचं लाल बटण वर. अंगणात. हरबन्स कौरने मोडा सावलीत सरकवला. मी परत आत. वारं नाही. भिंतीचं बटण बंद.

मला विलासचा आवाज मात्र ऐकत राहावासा वाटत होता. वायर, फ्यूज, झाकण. कित्येक महिन्यांनी तो एकामागून एक वाक्यं बोलत होता, आणि तीही न चिडता. असाच तो लहानपणी बोलायचा. मला अक्षर येत नव्हतं. ट्रकच्या मालकाने तोंडी सांगितलेले रस्ते मी डोक्यात ठेवायचो आणि चिठ्ठीवर अंगठा उठवायचो. विलास शाळेत जायला लागला आणि एका संध्याकाळी पाटी घेऊन माझ्यासमोर बसला. माझं बोट त्याने मुठीत धरलं, त्याच्या मुठीत ते मावेना, आणि पाटीवरच्या अक्षरावरून फिरवलं. न चिडता. चुकलं की म्हणायचा, परत वरून. मोठ्या माणसाचं बोट किती जड असतं, आणि ते पोरगं ते ओढत होतं, घाण्याला जुंपल्यासारखं. इंग्रजी अक्षरं मी पुढे गाड्यांच्या नंबरांवरून शिकलो, तीही त्याला विचारून विचारून. आता ती सगळी इथे समोरच्या फळीवर होती, पण मांडणी कसली तीच नाही. एच्या शेजारी एस, क्यूच्या शेजारी डब्ल्यू. पोरांच्या हातून पेटी उपडी झाल्यासारखी. एवढ्या शिकलेल्या माणसांनी अक्षरं अशी सांडून का ठेवली, हे त्याला विचारायचं म्हणून मी मनात ठेवलं होतं. ते विचारायला आधी तो डबा जागा व्हायला हवा होता.

"झाकण काढायला लागेल," विलास म्हणाला. या वेळी तो वळला होता. खिडकीच्या गजांतून मला त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. "मागे स्क्रू आहेत. जपून. उजव्या हाताला चंदेरी पेटी दिसेल. तिच्यातून निघालेल्या तारा जिथे जिथे बसल्यात तिथे अंगठ्याने दाबा. प्रवासात ढिल्या होतात."

"तूच ये की जरा. मला काय दिसतंय त्यात?"

वीणाने माझ्याकडे बघितलं आणि गवारीचं ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेली. मी असं बोलायला नको होतं. पण माझी कंबर वाकून वाकून भरून आली होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि पंचवीस पावलांवर बसलेला इंजिनिअर एका ट्रक ड्रायव्हरला बोटाच्या इशाऱ्यावर चालवत होता, याचा मला एकाएकी कंटाळा आला. दुसऱ्याच्या भीतीची हमाली करून आलेला तो कंटाळा होता. ती हमाली उतरवता येत नाही, कारण खाली ठेवली की ज्याची आहे त्याच्याच अंगावर पडणार.

झाकण काढलं. आत धूळ आणि हिरव्या पाट्या, त्यावर काळे किडे बसवावेत तसले तुकडे. अंगठ्याने सगळ्या तारा दाबल्या. झाकण नुसतं वर ठेवलं, स्क्रू लावायचं त्राण नव्हतं. भिंतीचं बटण चालू. स्टॅबिलायझरचा दिवा लागला. लाल बटण वर. अंगणात. उभे राहिलो. खोलीत बघायला कुणी गेलंच नाही. पंखा असता तर खिडकीतून ऐकू आला असता.

"राहू दे, अण्णा," विलास म्हणाला. "मेलंय ते. उद्या रिक्षा करून परत पाठवू. श्रीनिवास साहेबांना सांगा, चालत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, तो खचेल. त्याचा चेहरा सैल झाला होता. खांदे खाली आले होते. शाळेला सुट्टी जाहीर झाल्यावर मुलाचं तोंड होतं तसं. यंत्र चालू व्हायला नको हेच त्याला हवं होतं, आणि सकाळपासून मी त्याच्यासाठी ज्या खेपा घातल्या त्यांतली प्रत्येक खेप फुकट जावी म्हणून तो तिकडे पाठ करून बसला होता. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आम्हा दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. बोर्ड, क्वार्टर, सामानाचे खोके, पंजाब ओलांडणारी गाडी, सगळं मला समोरच्या विटांच्या भिंतीवर दिसायला लागलं. राग आला नाही. रागालाही पायांत जोर लागतो.

स्वयंपाकघरातून वीणाचा आवाज आला. "दूध नासलं." मग फ्रिजचं दार आपटल्याचा आवाज. "फ्रिज बंद कुणी केला? अण्णा, याची पेटी कुठे गेली?"

"मी घेतली. कॉम्प्युटरला."

"घेतली तर घेतली, सांगायचं तरी. आता चहाला काय घालू, कॉम्प्युटर?" ती पातेलं घेऊन तावातावाने दारात आली, थोडं दूध उंबऱ्यावर सांडलं. भिंतीपलीकडून हरबन्स कौर, दूध टाकू नकोस म्हणून हात पुढे करत, म्हणाली, "फट गया? ला कुड़िए, सुट्टीं ना. पनीर बणा दिआंगी." वीणा पातेलं भिंतीवरून तिच्या हातात देत होती, तेवढ्यात रिकाम्या खोलीत टक् असा आवाज झाला.

आणि मग घरघर. आधी बारीक, मग भरलेली, कुणीतरी दीर्घ श्वास घेऊन तो सोडतच नाही तशी. खोलीत कुणी नव्हतं. आम्ही सगळे बाहेर होतो. बाजेचं दुसरं टोक एकदम हलकं झालं. विलास खाली होता, भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर. वीणा पातेलं हरबन्स कौरच्या हातात सोडून त्याच्यावर वाकली. हरबन्स कौरच्या तोंडून "वाहेगुरू" निघालं. मी उठायला गेलो आणि गुडघ्यांनी ऐकलं नाही. घरघर चालूच राहिली. काही फुटलं नाही. बराच वेळ नुसती घरघर, आणि मग एक छोटी, स्वच्छ शीळ. पी.

विलासने डोकं वर केलं. हात अजून केसांतच होते.

"मेमरी मोजून झाली," तो म्हणाला.

"कुणाची?"

"त्याची. चालू झालं की आधी ते आपल्याजवळ किती आहे ते मोजून घेतं. सगळं असलं की शीळ घालतं." त्याचा श्वास लागला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्ही कशातून वीज दिलीत? फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून?"

"सरकारची वस्तू. म्हटलं धक्का बसायला नको."

"अण्णा, तो वीज उशिरा सोडतो. फ्रिजच्या मोटारीला दम खाऊ देतो, मग टक् करून सोडतो. भिंतीचं बटण बंद केलं की त्याचं परत पहिल्यापासून. आपण त्याला कधी पुरा वेळ दिलाच नाही."

"तूच सांगत होतास ना, आधी बंद करा."

"हो," तो म्हणाला. "मीच सांगत होतो."

वीणा जमिनीवरच बसली होती. "म्हणजे फ्रिज आळशी नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. हरबन्स कौरने भिंतीवरून विचारलं, "की कहिंदी?"

आत यंत्र चालू होतं. झाकण नुसतं वर ठेवलेलं, स्क्रू टेबलावर. विलास तेच बघत असावा. "तसं उघडं चालू राहिलं तर बरं नाही," तो म्हणाला. "बंद करायला हवं." त्याने माझ्याकडे बघितलं. माझे हात बाजेच्या काठावर उठण्यासाठी टेकले गेलेच होते. इतक्या महिन्यांची सवय, ती विचारून येत नाही. वीणाने माझ्याकडे बघितलं. डोळे पुसले नव्हते. मी हात काढून मांडीवर ठेवले.

"माझे गुडघे धरलेत," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

तो भिंतीला धरून उठला. पँटची माती झटकली, ती झटकायला फार वेळ घेतला. दारापर्यंत गेला. तिथे थांबला. मी विटांच्या भिंतीकडे बघत राहिलो, कारण त्याच्या पाठीकडे बघणंही त्याला ढकलण्यासारखं झालं असतं. मग पावलं ऐकू आली. मग खटका, आणि घरघर थांबली. भिंतीचं बटण. स्क्रू फिरवल्याचा बारीक आवाज, एक, परत एक. त्याचा हात सफाईने चालत होता, ते आवाजावरून कळत होतं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आता तो बाहेर येईल आणि म्हणेल, पाठवून देऊ.

भिंतीचं बटण वाजलं. त्यामागून लाल बटणाचा खटका. नियमाप्रमाणे आता दाबणाऱ्याने अंगणात यायचं. मी दाराकडे बघितलं. दारात ऊन होतं आणि उंबऱ्यावर सांडलेलं दूध, त्यावर एक माशी. हरबन्स कौरने हातात पातेलं तसंच धरून हलकेच विचारलं, "मैं बाहर ही रहां?" मी तिला हाताने थांबवलं. पेटी आपला वेळ घेत होती. तेवढ्या वेळात माणसाच्या मनात काय काय येऊन जात असेल ते मला माहीत होतं, दिवसभर तेच करत आलो होतो. टक्. घरघर. आत आकडे चढत असतील, आपल्याजवळ किती आहे ते. शीळ.

तो बाहेर आला नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने भिंतीवरचं आणखी एक बटण वाजलं, आणि छताचा पंखा सावकाश फिरायला लागला. तो लाव म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या काय होईल ते उद्या. मी बाजेवर आडवा झालो आणि पाय लांब केले. वीणा उंबऱ्यावरचं दूध पुसायला गेली.